पाऊल टाकायची जागा

पट्टा बंद पडला तेव्हा शेडगेबाई ओट्यापाशी उभ्या राहून भेंडी चिरत होत्या. कंबरेभोवती सतत चालणारी बारीक घुरघुर थांबली, एवढंच त्यांना जाणवलं, आणि पुढच्या क्षणी त्या फरशीवर होत्या. घसरल्या नाहीत, अडखळल्या नाहीत, चक्करही आली नाही. भिंतीला लावलेली शिडी सरकून पडावी तशा उभ्याच्या उभ्या आडव्या झाल्या. हनुवटी फुटली, खांदा ठेचला, एक दात हलला. हाड मोडलं नाही हे नशीब. पण पुढे कितीतरी दिवस त्यांच्या मनातून गेली नाही ती गोष्ट वेगळीच होती. पडताना त्यांचे हात पुढे आले नव्हते. माणूस पडताना हात टेकतो, निदान काहीतरी धरायला बघतो. त्यांच्या एका हातात सुरी होती आणि दुसऱ्या हातात भेंडी, आणि पडल्यावरही त्या दोन्ही तशाच हातात होत्या.

थोड्या वेळानं पट्टा आपोआप सुरू झाला. "सावर अद्ययावत झाला आहे, निश्चिंत राहा," असं तो गोड आवाजात म्हणाला. शेडगेबाईंनी जमिनीवर पडल्यापडल्याच त्याला अशी एक शिवी हासडली, जी त्यांनी एसटीत कंडक्टर असताना फक्त केळघरच्या घाटात आडव्या येणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी राखून ठेवली होती.

त्या दुपारी साताऱ्यात त्या एकट्याच पडल्या नाहीत. बसलेले वाचले, उभे असलेले पडले. कुणी बँकेच्या रांगेत, कुणी देवळाच्या पायरीवर, कुणी अंगणात कपडे वाळत घालताना. पट्ट्याची आज्ञावली बदलायचं काम एरवी सगळे झोपल्यावर होई. कंपनीत कुणाच्या तरी चुकीनं ते भरदुपारी झालं आणि काही मिनिटं गावातले सगळे पट्टे मेले.

आता हा सावर पट्टा काय प्रकार होता ते सांगायला हवं. वीतभर रुंदीचा कंबरपट्टा, आणि त्याच्या आत दोन्ही बाजूंना बांगडीएवढी जड चाकं, बंद डबीत गरगर फिरणारी. जोरात फिरणारं चाक आपली दिशा सहजासहजी सोडत नाही. ते कलवायला गेलं की उलटा जोर लावतं. सायकलचं फिरतं चाक आसाला धरून कधी तिरकं करून बघितलं असेल, तर हा जोर मनगटाला कळला असेल. पट्ट्यातले संवेदक कंबर कुठं कलतेय, किती वेगानं कलतेय हे सारखं मोजत असत. माणूस कलू लागला की पट्टा चाकं त्या बेतानं वळवी आणि कंबर अलगद जागेवर आणी. हे सगळं इतकं झटपट व्हायचं, की आपला तोल जातोय हे कळायच्या आत माणूस सावरलेला असे.

पट्टा आला आणि थोड्याच वर्षांत म्हाताऱ्या माणसांच्या खुब्याची हाडं मोडायची जवळजवळ थांबली. हे खरं होतं, आणि ते नाकारायचं कुणाला कारण नव्हतं. मग माणसं नेहमी करतात तेच त्यांनी केलं. जे उपयोगाचं होतं ते गृहीत धरलं. नव्या इमारतींच्या जिन्यांना कठडे लावायचं बंद झालं. बागेतल्या पायऱ्यांचे दांडे गंजले ते परत कुणी बसवले नाहीत. साठी झाली की मुलं वाढदिवसाला पट्टा देत, आणि सत्तरीत तो नसलेला माणूस दिसला की लोक त्याच्या मुलांना नावं ठेवत.

शेडगेबाईंना तर पट्टा पहिल्या खेपेलाच मिळाला होता, कारण त्याची आज्ञावली लिहिणाऱ्यांत त्यांची पोर केतकी होती. नवरा गेला त्या वर्षी बाई न्हाणीघरात पडल्या होत्या, आणि शेजारणीला कळेपर्यंत तशाच ओल्या फरशीवर पडून होत्या. केतकी तेव्हा नुकती पुण्याला नोकरीला लागलेली. त्या प्रसंगाचा तिनं जो धसका घेतला, त्यातूनच तिचं पुढचं सगळं काम झालं असं म्हणायला हरकत नाही.

भेंडीच्या दिवशी केतकी दिवेलागणीला येऊन पोचली. आईच्या हनुवटीवरची पट्टी बघून आधी रडली, मग फोनवर कंपनीतल्या कुणाला तरी फाडून खाल्लं, आणि मग पिशवीतून एक नवाकोरा पट्टा काढून टेबलावर ठेवला.

"ह्यात सगळं दुहेरी आहे," ती म्हणाली. "एक बंद पडलं तर दुसरं चालू राहतं. हा कधीच बंद पडणार नाही. आंघोळीलासुद्धा काढायचा नाही."

शेडगेबाईंनी पट्टा उचलून त्याचं वजन बघितलं आणि परत ठेवला. "केतके, माझे हात का पुढं आले नाहीत गं?"

"घाबरलीस म्हणून."

"घाबरायला वेळ कुठं होता? आगं, मी गाडीत उभी राहून जन्म काढला. घाटातली वळणं, एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात सुट्टे पैसे. दांडा धरायला तिसरा हात देवानं दिलेला नव्हता. कधी पडले नाही. आणि आज घरातल्या ओट्यापाशी पालथी पडले. का?"

"आई, वय झालं."

"वय काल पण होतं."

केतकीनं कपाळावर हात मारून घेतला. आईशी वाद घालणं म्हणजे तिकीट न काढता शेवटच्या थांब्यापर्यंत जायचा प्रयत्न करणं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ह्या वेळी तीही मागे हटली नाही.

"हे बघ. पट्टा नको असेल तर तू एकटी राहायचं नाहीस. माझ्याकडं चल, तिथं आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर म्हाताऱ्या माणसांची सोय आहे, चोवीस तास माणूस असतं. नाहीतर हा पट्टा. दोन्हीतलं एक सांग."

शेडगेबाईंनी स्वयंपाकघराकडं बघितलं. गोडोलीतलं हे घर दोन खोल्यांचं, पण इथं चहा करायला त्यांना कुणाला विचारावं लागत नव्हतं. सोय असलेल्या ठिकाणी काय असतं हे त्यांनी बघितलं होतं. त्यांची एक मैत्रीण अशाच एका ठिकाणी गेली, आणि चार महिन्यांत तिला खुर्चीतून उठताना आजूबाजूला बघायची सवय लागली. कुणी परवानगी देतंय का ते बघायची.

"दिवाळीपर्यंत थांब," त्या म्हणाल्या. "तोवर पट्ट्याशिवाय उभी राहून दाखवते. नाही जमलं तर तू म्हणशील तिथं येते आणि तू बांधशील ते बांधून घेते. शब्द आहे माझा."

"नुसतं उभं राहणं म्हणजे काय पुरावा झाला?"

"पुरावा तू ठरव. तू इंजिनियर."

गोडोलीच्या तळ्याशेजारी मैदान आहे. तिथं रोज सकाळी आठदहा म्हातारी माणसं संथपणे हात हलवताना दिसत. जाणारी-येणारी पोरं त्यांना हसत, आणि खरं सांगायचं तर शेडगेबाईही हसल्या होत्या. कंबरभर पाण्यातून चालल्यासारखं ते चालणं. ताई ची म्हणे, चिनी व्यायाम. शिकवायची रेहाना मुजावर. ती सरकारी दवाखान्यातून फिजिओथेरपिस्ट म्हणून निवृत्त झालेली, किडकिडीत, करड्या केसांची बाई होती. हनुवटी भरून आल्यावर एका सकाळी शेडगेबाई, जुना पट्टा बांधूनच, तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"या शेडगेबाई," रेहाना म्हणाली. "कॉलेजात असताना पास संपला म्हणून तुम्ही मला मेढ्याच्या अलीकडं गाडीतून उतरवलं होतं. मी विसरले नाही."

"पास संपला होता का?"

"संपला होता."

"मग झालं तर."

रेहाना हसली आणि तिनं त्यांना रांगेत घेतलं. पण पहिल्याच दिवशी भलतंच घडलं. ह्या व्यायामात सगळं वजन हळूहळू एका पायावर न्यायचं, तोलाच्या अगदी काठापर्यंत जायचं, आणि तिथून परत यायचं. शेडगेबाई काठाकडं निघाल्या की पट्ट्याला वाटे बाई पडतायत. तो त्यांना मागे ओढी. त्या पुढे रेटत, तो मागे ओढी. अदृश्य माणसाशी त्यांची झोंबाझोंबी चाललीय असं ते दृश्य होतं, आणि बाकीची मंडळी आपापले हात हवेत धरून खुदुखुदू हसत होती. शेडगेबाईंनी पट्ट्याचं बक्कल काढलं आणि तो कुंपणाला लटकवला. लगेच फोन वाजला; पट्टा निघाल्याची खबर पुण्याला केतकीकडं पोचली होती.

"आई, पट्टा काढलास?"

"हो."

"उभी आहेस?"

"केतके, उभी असेपर्यंत फोन ठेव. पडले की मी करीन."

खरं म्हणजे त्या उभ्या होत्या ते रेहानाच्या खांद्याला धरून. पायाखालची जमीन आहे की नाही हेच नीट कळत नव्हतं. रेहानानं त्यांना खुर्चीत बसवलं, चपला काढायला लावल्या, आणि तळवे मातीवर टेकवले.

"तोल तिघं मिळून सांभाळतात," ती म्हणाली. "डोळे एक. कानाच्या आत पाण्यानं भरलेल्या बारीक नळ्या असतात, डोकं वळलं की पाणी हलतं, ते दुसरं. आणि तिसरे तुमचे तळवे आणि घोटे. कुठल्या बोटावर वजन आलं, टाच उचलली का, सगळं ते वर कळवत असतात. मेंदू तिघांचं ऐकतो, पण सारखं ऐकत नाही. ज्याच्या सांगण्याचा उपयोग होतो त्याचं जास्त ऐकतो. पट्टा लावल्यापासून पायांनी काही कळवायच्या आतच काम झालेलं असतं. मग तो कशाला ऐकेल त्यांचं?"

"म्हणजे पाय बिघडले?"

"पाय बोलतायत. ऐकणाऱ्याची सवय मोडलीय. ती परत लागते, तुमच्या वयातही लागते. ह्या व्यायामानं म्हातारी माणसं कमी पडतात हे पट्टे यायच्या आधीपासून माहीत आहे. पण वेळ लागतो आणि रोज यावं लागतं. पट्टा बांधायला एक मिनिट पुरतं, म्हणून लोकांनी तो बांधला."

"मी रोज येईन," शेडगेबाई म्हणाल्या.

आणि आल्या. पावसाळा सुरू झाला तेव्हा मंडळी शाळेच्या पडवीत सरकली, तिथंही त्या आल्या. सुरुवातीला मांड्या अशा थरथरत की परत जाताना रिक्षा करावी लागे. एका तांब्यातलं पाणी दुसऱ्यात ओतावं तसं वजन ओता, असं रेहाना म्हणायची, आणि शेडगेबाईंचं वजन धबक्कन पडायचं. ढगांसारखे हात, घोड्याची आयाळ विंचरणं, एका पायावरचा कोंबडा, अशी एकेका हालचालीची नावं. कोंबडा त्यांना अजिबात जमेना. त्या चिडत, स्वतःलाच वाटेल ते बोलत, आणि परत उभ्या राहत. हळूहळू तळव्यांना फरशीचा खडबडीतपणा कळू लागला. मग ओल्या आणि सुक्या जमिनीतला फरक. श्रावण लागला तेव्हा त्या पट्ट्याशिवाय बाजारातून भाजी घेऊन येत होत्या, आणि वाटेत भेटेल त्याला ते सांगत होत्या.

मग एके दिवशी रेहानानं जमिनीवर जाड गादी अंथरली, त्यांना पुढ्यात उभं केलं, आणि बोलता बोलता खांद्याला हलका धक्का दिला. शेडगेबाई गेल्या. उभ्याच्या उभ्या, त्या भेंडीच्या दिवसासारख्याच, लाकडासारख्या. पाय जागचा हललासुद्धा नाही.

"परत," त्या गादीवरून म्हणाल्या.

परत तेच. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर त्यांचे डोळे भरून आले. इतके महिने घाम गाळला तो काय ह्यासाठी, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

रेहाना शेजारी बसली. "धक्का बसला की माणूस दोनपैकी एक करतो. थोडका असेल तर जागच्या जागी सावरतो. मोठा असेल तर झटकन पाऊल टाकतो, पडायच्या दिशेनंच. ते पाऊल तुमच्याकडून निघतच नाही. पट्ट्यानं मोडलेली सवय एव्हाना परत यायला हवी होती. हे त्याच्याही आधीचं काहीतरी आहे. गाडीत धक्का बसला की काय करायचा तुम्ही?"

"करायचं काय, पाय रोवायचे."

"पाऊल नाही टाकायचं?"

"टाकणार कुठं? पुढं पाटी घेऊन बाई बसलेली, मागं कुणाचं तरी पोरगं झोपलेलं, पायाशी पिशवीत कोंबड्या. मधल्या वाटेत पाऊल टाकायला जागा असायची का कधी? एकदा टाकलं होतं नवीन असताना, ते एका म्हाताऱ्याच्या पायावर पडलं. त्याचं गाव येईपर्यंत तो मला बोलत होता. त्यानंतर पाय रोवायचे आणि कंबर सीटच्या कडेला..."

त्या थांबल्या.

"कंबर काय?" रेहानानं विचारलं.

"टेकवायची," शेडगेबाई सावकाश म्हणाल्या.

आयुष्यभर त्यांनी मिरवलं होतं की आपण काही न धरता उभ्या राहिलो. हातानं धरलं नव्हतं हे खरं. कंबरेनं टेकू घेतला होता, दर वळणाला, दर खड्ड्याला, आणि इतक्या सराईतपणे की त्यांचा त्यांनाही पत्ता नव्हता. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी स्वतःवर पाळत ठेवली. चहा करताना कंबर ओट्याला. फोनवर बोलताना दाराच्या चौकटीला. दात घासतानासुद्धा बेसिनला. आपण घरात कधी मोकळ्या उभ्याच राहत नाही हे बघून त्यांना स्वतःचा असा राग आला की दोन दिवस त्या रेहानाकडं फिरकल्या नाहीत. पट्टा त्यांना एवढा चटकन का मानवला होता, तेही आता कळलं. कंबरेला टेकू मिळाला होता, जुन्या ओळखीचा.

तिसऱ्या दिवशी रागानंच त्यांना उठवलं. ते कसब खोटं नव्हतं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण ते त्या गर्दीच्या गाडीतलं होतं, आणि ती गाडी केव्हाच भंगारात गेली. आता बिनचालकाच्या बसगाड्यांत उभं राहायलाच बंदी आहे. त्यांनी पुढच्या खोलीतलं टेबल भिंतीला सरकवलं, खुर्च्या बाहेर काढल्या, आणि खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, कशालाही न टेकता. मग कललं की पाऊल. पुढे कललं की पुढे, बाजूला कललं की बाजूला. लहान पाऊल नाही, जाईल तिथवर. खिडकीतून बघणाऱ्या शेजारणीनं विचारलं, "बाई, ह्या वयात लंगडी खेळताय?"

"तू पण ये," शेडगेबाई म्हणाल्या. "तुझंही कंबरडं दाराला टेकलेलं असतं सारखं."

गौरी-गणपतीला केतकी आली तेव्हा आईनं नैवेद्याचं ताट ठेवल्या ठेवल्या तिला विचारलं, "तुमच्या पट्ट्यात लोकांची पावलं मोजतात का? तोल जाताना टाकलेली?"

केतकीचा चेहरा बदलला. ती म्हणाली, "मोजतात. पट्टा लावल्यावर पहिल्या वर्षातच ती संपतात. जवळपास शून्यावर येतात."

"मग कुणाला काही वाटलं नाही?"

"आनंद झाला. तोच तर आलेख आम्ही सगळीकडं दाखवला. माणसाला स्वतः सावरावंच लागत नाही, म्हणजे पट्टा किती चांगला." तिनं मान खाली घातली. "मीच दाखवला होता, आई. टाळ्या पडल्या होत्या."

शेडगेबाईंनी तिच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. रागवायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण समोर बसलेल्या पोरीचा चेहरा बघून ते जमलं नाही.

"मी कंपनीत सांगून बघितलंय," केतकी म्हणाली. "पट्ट्यानं जरा थांबावं, माणसाला आधी स्वतः सावरू द्यावं, मग मदत करावी. ते म्हणतात, तेवढ्यात माणूस पडला तर जबाबदार कोण? आणि त्यांचं अगदीच चुकत नाही. समोरच्या तांबेकाकांना कंपवात आहे. त्यांचा पट्टा थांबला तर ते पडतील."

"त्यांना पट्टा पाहिजेच. मला नको."

"आणि तू पडलीस तर?" केतकीनं एकदम विचारलं. "मला अजून तू न्हाणीघरात पडलेली दिसतेस. मीटिंग चालू असताना दिसतेस. मी तो पट्टा लोकांसाठी नव्हता केला. तुझ्यासाठी केला. तू तो काढून कुंपणाला लटकवतेस तेव्हा मला काय वाटत असेल?"

शेडगेबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "वाटणारच. माझ्यापायी तू काय केलंस ते मला कळतं, केतके. त्याच्यामुळं मी इतकी वर्षं पडले नाही. पण मला पडूच न देण्याच्या नादात माझं सावरणं गेलं. तुझा विश्वास बसावा असं मी काही बोलू शकत नाही. तू पुरावा ठरवणार होतीस, तो ठरव."

केतकीनं बोटानं ताटातलं तूप पुसून घेतलं. "धक्का," ती म्हणाली. "न सांगता, पाठीमागून. तेवढं एकच खरं."

"ठीक. पण तो तू द्यायचास."

"मी? नाही, आई. रेहानाताई देतील."

"रेहाना मला पडू देणार नाही, तिचा हात आपोआप हलका पडतो. आणि तिनं दिलेल्या धक्क्यानं तुझी झोप परत येणार नाही."

नरक चतुर्दशीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळचं ऊन मैदानावर पसरलं तेव्हा मंडळी कडेला बसून होती. रेहानानं गादी अंथरायला घेतली, ती शेडगेबाईंनी गुंडाळून बाजूला ठेवायला लावली. नुसतं गवत असू द्या, म्हणाल्या. त्या मधोमध अनवाणी उभ्या राहिल्या. जवळ झाड नाही, बाक नाही, टेकायला काही नाही. केतकी त्यांच्या मागे, हातभर अंतरावर.

शेडगेबाईंनी व्यायाम सुरू केला. वजन उजव्या पायावर, मग सावकाश डाव्यावर. हात वर गेले, खाली आले. पाठीला केतकीचं असणं जाणवत होतं, श्वाससुद्धा ऐकू येत होता. धक्का आला. बोटं पाठीला लागली एवढंच.

"ह्याला धक्का म्हणतात का?" शेडगेबाई न वळता म्हणाल्या. "रिक्षावाल्याला हाक मारतेस काय?"

कडेला कुणीतरी हसलं. केतकी हसली नाही. "आई, मला नाही जमत. आईला कुणी ढकलतं का?"

"मग पट्टा आण इकडं आणि बांध. पुण्याला कधी निघायचं तेही सांग."

शेडगेबाईंनी परत सुरुवात केली. आपण हे का करतोय हे त्यांना स्वच्छ माहीत होतं. पडलो तर घर गेलं, सकाळचा आपला चहा गेला, आणि पोरीच्या डोळ्यांत ती भीती कायमची बसली. भीती वाटतेय तर वाटू दे, असं त्यांनी ठरवलं आणि लक्ष तळव्यांकडं नेलं. उजव्या टाचेखाली एक खडा होता. गवत थंड होतं. हात ढगांसारखे डावीकडून उजवीकडं निघाले. एक फेरी झाली, दुसरी झाली, त्या ढगांत जरा रमल्याही.

मग दोन्ही तळहात पाठीवर आदळले. त्यात केतकीचं सगळं होतं. न्हाणीघरातली ती ओली फरशी, इतक्या वर्षांचा धसका, आणि कुंपणाला लटकवलेल्या पट्ट्याचा रागही. शेडगेबाईंचं वजन पुढे फेकलं गेलं, जमीन अंगावर यायला लागली, कंबरेनं सवयीनं टेकू शोधला आणि तिथं काहीच नव्हतं.

पाऊल पडलं. त्यांनी टाकलं नाही, ते आपलं आपण गेलं, लांब, उजवं, आणि गवतावर थाड्कन बसलं. हात दोन्ही बाजूंना पसरले. अंग अजून पुढे झेपावत होतं, म्हणून दुसरं पाऊल, आखूड. गुडघा वाकला, थरथरला. आणि मग सगळं थांबलं.

शेडगेबाईंनी आधी खाली बघितलं. आपले दोन पाय, एकमेकांपासून लांब, बोटं गवतात रुतलेली. मग त्या वळल्या. केतकी दोन्ही हात पुढे करून तशीच उभी होती, ढकलायला पुढे केलेले हात आता धरायला पुढे होते, आणि ती ओक्साबोक्शी रडत होती. रेहानानं तोंडावर ओढणी धरली होती.

शेडगेबाईंना पोरीला पोटाशी धरावंसं वाटलं. त्यांनी धरलंही, चांगलं घट्ट, आणि त्यांच्या लक्षात आलं की पोरीचा सगळा भार त्यांच्यावर आलाय आणि तो त्यांच्या पायांना पेलतोय. केतकी जरा शांत झाल्यावर त्यांनी तिला बाजूला केलं, साडीचा पदर खोचला, आणि परत मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"डाव्या बाजूनं राहिलं," त्या म्हणाल्या. "जोर कमी करायचा नाही."

केतकीनं ओढणीनं नाक पुसलं आणि ती डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.